मंगळवारचा किंग केक

प्रतिमाताईंनी ओला फडका उचलून पाहिलं. दीड तास झाला, तरी मैद्याचा गोळा पातेल्याच्या तळाशी जिथल्या तिथे बसून होता.

"इट्स नॉट गेटिंग बिगर, आजी," रुही म्हणाली. जांभळी, हिरवी आणि सोनेरी साखर तिने केव्हाच तीन वाट्यांत काढून ठेवली होती. "ममाला विचार ना."

देवयानी न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेली. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार, मार्डी ग्रा, आला की अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलच्या या घरातही ती दालचिनी घातलेला गोल किंग केक करायची. यंदा ती इथे नव्हती. नवरा गेल्यावर प्रतिमाताई नागपूरहून मुलाकडे आल्या आणि आठवड्याभरातच सून ऑफिसजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली. रुही शनिवार-रविवार तिच्याकडे असायची. "तिला घरात सासू नकोय, आई. तू मनाला लावून घेऊ नकोस," असं सत्यजितने सांगितलं होतं.

त्या काही म्हणायच्या आत रुहीने त्यांच्याच मोबाइलवरून फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"आई?" देवयानीचा आवाज दचकल्यासारखा आला. "रुही बरी आहे ना?"

"बरी आहे. पीठ फुगत नाहीये."

"दूध किती गरम होतं?"

"उकळलं आणि लगेच घातलं."

"मग यीस्ट मेलं. नवीन पाकीट घ्या, गराजमधल्या कपाटात आहे. दुधात बोट घालून बघा. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकंच कोमट हवं."

रुही पाकीट आणायला पळाली. प्रतिमाताईंनी फोन खांद्याने कानाशी दाबला आणि पातेल्यात दूध ओतून मंद गॅसवर ठेवलं.

"तुम्ही फोन कराल असं वाटलं नव्हतं," देवयानी म्हणाली.

"का गं?"

"सत्यजित म्हणाला, बाबा गेल्यापासून तुम्हाला मी समोर नको असते. तुम्ही इथे आहात तोवर मी दुसरीकडे राहावं. आय अंडरस्टँड, आई. रिअली. फक्त रुहीचं..."

प्रतिमाताईंचा हात गॅसच्या बटणावर थांबला. मुलाने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला त्यांना एक दिवसही लागला नव्हता. उलट, स्वयंपाकघर आपल्या हाती आलं म्हणून आतून कुठेतरी बरंच वाटलं होतं. दहा आठवड्यांत त्यांनी सुनेला एकदाही विचारलं नव्हतं.

"आई? आहात ना?"

"आहे." त्यांनी दुधात बोट बुडवलं. "कोमट झालंय. आता पुढे सांग."

देवयानी सांगत गेली आणि त्या करत गेल्या.

सत्यजित संध्याकाळी सातला आला तेव्हा केक ओट्यावर निवत होता. एका बाजूने जरा वाकडा, पण चांगला टम्म फुगलेला.

"अरे वा! एकटीने केलास?"

"देवयानीला विचारून केला."

सत्यजित लॅपटॉपची बॅग खांद्यावरून काढत होता, तो तसाच थांबला. प्रतिमाताईंनी सुरी घेऊन केकचे दोन भाग केले आणि एक डब्यात ठेवला.

"ती काय म्हणाली?"

"तू मला जे सांगितलंस आणि तिला जे सांगितलंस, ते दोन्ही आता मला ठाऊक आहे."

"तुमचं दोघींचं पटलं नसतं, आई. रोज मध्ये मलाच उभं राहावं लागलं असतं. बाबा गेल्यावर माझ्यात तेवढी ताकद नव्हती."

"नसतंही पटलं," त्या म्हणाल्या. त्याचा चेहरा इतका ओढलेला त्यांनी बापाच्या तेराव्यालाही पाहिला नव्हता. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"रुही, जॅकेट घाल. तुझ्या ममाकडे जायचंय."

"आत्ता?" सत्यजित म्हणाला. "आई, मी तिला काय सांगू?"

"ते तुझं तू बघ." त्यांनी स्वेटरची बटणं लावली. "मला माझं सांगायचंय."