काचेच्या दाराजवळचं स्टूल

धाकटी बोलायला लागली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा टिकटिक थांबवून ऐकायचं, असं तिच्या सासरी सगळे शपथेवर सांगत. मोठी जाऊ तिला रेडिओच म्हणायची. शेजारच्यांच्या मुक्या पोपटाशी ती म्हणे एकदा तासभर बोलली, आणि तिसऱ्या दिवशी पोपटानं तोंड उघडलं ते "पुरे" म्हणायला. पोपटाचं खरंखोटं पोपटाला ठाऊक, पण बाईच्या तोंडाला कुलूप कुणी पाहिलं नव्हतं.

तर ही धाकटी हातमोजे शिवायच्या कारखान्यात कामाला लागली. वेल्डिंगवाले घालतात तसले जाड चामडी मोजे. एका लांब टेबलाभोवती बारा बायका, आणि धाकटीला मालकानं जागा दिली ती मात्र बाजूला, केबिनच्या काचेच्या दाराजवळ, एका उंच स्टुलावर. काम सोपं, शिवणीचे सुटे धागे कापायचे.

पहिल्या दिवशी ती आत शिरली आणि टेबलावरच्या गप्पा, उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस कुणीतरी बंद करावा तशा, खाली बसल्या. मी नवी आहे, बुजत असतील, असं म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तिनं आपला हमखास हसवणारा पोपटाचा किस्सा सांगितला. बारा तोंडांत मिठाच्या गुळण्या. कातडं कापणारी सगळ्यांत वडीलधारी बाई, जिला सगळ्या आत्या म्हणत, ती मान वर न करता एवढंच म्हणाली, "धागे काप, बाई."

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. ह्यांचं काहीतरी शिजतंय. माझ्यापासून लपवावं असं काय आहे ह्यांच्याजवळ?

मग ती ऐकायला लागली. चहाच्या सुट्टीत नळाखाली एकच पेला पाच-पाच मिनिटं विसळायची. खोक्यांच्या थप्पीआड उभी राहून दोरा शोधायची, दोरा हातात असताना. कात्री तर अशी चालवायची की माशीलाही कळू नये. महिन्याभरात तिचे कान इतके तयार झाले की टेबलाच्या त्या टोकाला कुणी नुसता विचार केला तरी तिला ऐकू यावा.

थप्पीआडच तिला कळलं. त्या स्टुलावर आधी बसणारी बाई इथली बित्तंबातमी मालकाला पुरवायची. तिच्यापायी दोघींचं काम गेलं होतं. "ही तिचीच बहीण दिसते," आत्या म्हणत होती. "बघा ना, कशी हळूच येऊन उभी राहते." आणि धाकटीला तिथं नाव पडलं होतं 'कान'.

तिचं डोकं फिरलं. मी? मी कधी कुणाची चहाडी केली? पण हे सगळं आपण कुठं उभं राहून ऐकतोय, हे काही बाईच्या ध्यानात आलं नाही. ही सवय घरापर्यंत आली, तेव्हा ते आलं सासूच्या.

"दाराआड काय उभी राहतेस गं हल्ली? भाजी निवडतोय आम्ही, तुझी नालस्ती नाही करत."

जाऊ म्हणाली, "रेडिओ बंद पडलाय, अहो. आता नुसता ऐकतो." म्हणाली हसत, पण त्यानंतर धाकटी स्वयंपाकघरात आली की तिथंही आवाज खाली यायला लागले. एक दिवस नवरा तिला काही सांगता सांगता थांबला. घरातसुद्धा?

सहाव्या आठवड्यात कारखान्यात आक्रीत घडलं. दोन डझन जोड्या परत आल्या. प्रत्येक जोडीत दोन्ही मोजे डाव्या हाताचे. मालकानं चौकशी लावली. धाकटीला सगळं ठाऊक होतं. खोकी भरणारी उंच बाई, सगळ्यांची लांबडी, नळापाशी आत्याजवळ रडली होती. तिला हल्ली अंगठा कुठल्या बाजूला आहे ते नीट दिसत नव्हतं. हे मालकाला कळलं की ती उद्या घरी.

मालकानं धाकटीला आत बोलावलं. "बसा, बाई. कुणाचं काम हे?"

काचेपलीकडून तेवीस डोळे तिच्याकडे लागले होते. बारा बायका, पण एकीनं एक डोळा देवावर सोडला होता, मिटून. सगळ्यांना पक्कं माहीत होतं ही काय करणार ते. आणि धाकटीला वाटलं, बदनाम तर झालेच आहे, मग सांगायला काय जातंय? नाव जिभेच्या टोकावर येऊन बसलं.

तिथं बसलेलं ते नाव तिला ओळखीचं वाटेना. म्हणजे नाव ओळखीचं, जीभ परकी, स्टुलावरच्या त्या आधीच्या बाईची.

"मालक," ती म्हणाली, "सहा आठवडे झाले, माझ्याशी इथं कुणी बोलत नाही. मला काय कळणार?"

मालकानं कपाळाला आठ्या घातल्या. "मग तुम्हाला तिथं बसवून उपयोग काय?"

धाकटी बाहेर आली. स्टूल उचललं आणि फरफटत टेबलाच्या मधोमध, लांबडीला लागून ठेवलं. सगळ्यांचे हात थांबले.

"काय सांगितलंस?" आत्यानं विचारलं.

"सांगितलं, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. तर म्हणाला, मग तुम्हाला तिथं बसवून उपयोग काय."

"म्हणजे ते स्टूल खरंच कानासाठी होतं की."

"होतं. मला एकटीलाच माहीत नव्हतं. आणि मी चोरून ऐकत होते, तेही खरं. लांबडीच्या डोळ्यांचं मला ठाऊक आहे."

लांबडीनं हातातला मोजा खाली ठेवला. "आणि त्यानं परत विचारलं तर?"

"विचारणारच. मग काय सांगायचं ते तुम्हीच ठरवून द्या. रोज नवी थाप मी एकटीनं कुठून आणू?" तिनं लांबडीपुढचा ढीग आपल्याकडे ओढला. "अंगठे मी बघते. तू भर."

आत्या तिच्याकडे बघत होती, बाजारात खोटं नाणं परतवून बघावं तसं.

"सांग त्याला," शेवटी आत्या म्हणाली, "मशीनमध्ये उंदीर आहेत. डावखुरे."

"नुसते डावखुरे?" धाकटी म्हणाली. "चष्मेवाले म्हणू या की, आत्या."

हसली फक्त लांबडी, तीही दबकत. आत्यानं कातडं पुढं ओढलं. "बघू," ती म्हणाली. "अजून मी काही म्हणत नाही. पण उंदीर किती होते, ते आधी नक्की करा, नाहीतर हिच्या तोंडून उद्या चाळीस निघतील."