दहा शेर कमी

सहावी ढेप चढवली तरी वनूचं पारडं जमिनीवरून हललं नाही.

लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू आम्ही मुलुंडच्या देवळापुढे टांगला होता. एका पारड्यात गूळ आणि दुसऱ्यात नवं पातळ नेसून, मांडी घालून बसलेली माझी भाची वनमाला. वय वर्षं सतरा. ती सात वर्षांची असताना विषमज्वरात जवळजवळ हातची गेली होती. तेव्हा माझ्या बहिणीनं, विमलनं, नवस बोलला होता की पोर उठली तर तिची गुळानं तुला करीन. त्या वेळी पोर वीस शेरांची होती, दोन ढेपांत भागलं असतं. पण आमच्याकडे देवाला थांबवून ठेवायची पद्धत आहे. यंदा वनू मॅट्रिक झाली, तेव्हा कुठे विमलला आठवण झाली.

“आता काय करायचं हो, भटजी?” विमलनं विचारलं.

“गूळ आणवा. नवसाची तुला अर्धी सोडता येत नाही. मुलीनं मात्र उठायचं नाही.”

दत्ताराम हमाल बाजारात पळाला आणि वनू पारड्यात बसून राहिली. समोर सगळी आळी.

साठ शेरांचा अंदाज माझा होता. मी बावीस वर्षं स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वजनं करतो. करंडी काट्यावर चढायच्या आधी मी आकडा सांगतो. शेराचा फरक पडला तर मी दत्तारामाला चहा पाजायचा, अशी पैज आहे. दत्तारामानं माझा चहा अजून प्यायलेला नाही.

आदल्या रविवारी विमलनं विचारलं होतं, “भाऊ, वनूला किती गूळ लागेल रे?”

सत्तर शेर, मी मनात म्हटलं. तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्याखाली वनूची पावलं दिसली. ऐकत उभी होती.

“साठ शेर,” मी म्हणालो. “दीड मण म्हणजे डोक्यावरून पाणी.”

पावलं जवळजवळ नाचतच आत गेली. मला फार बरं वाटलं. फुकटात चांगुलपणा केल्यावर वाटतं तसं.

तर देवळापुढे अर्धा तास गेला. शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या, “भाऊंची नजर फसली म्हणजे पोर आतून भरीव आहे हो.” लोक हसले. वनू पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. दत्ताराम सातवी ढेप खांद्यावर घेऊन आला आणि धापा टाकत सगळ्यांसमक्ष म्हणाला, “भाऊनू, तुमचो अंदाज चुकलो कसो?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वनूनंही बघितलं. ‘मीच मुद्दाम कमी सांगितलं’ एवढे चार शब्द पुरले असते. पण बावीस वर्षांचं नाव होतं, आणि विनोदी माणूस म्हणूनही थोडं होतं.

“या पार्सलात रोज दोन वेळा भर पडते रे,” मी म्हणालो. “मी तरी काय करणार?”

देवळापुढे असा हशा मला पूर्वी कधी मिळाला नव्हता. सगळे हसताहेत ना, हे वनूनं एकदा बघून घेतलं आणि मग तीही हसली. सातव्या ढेपेला तिचं पारडं उचललं गेलं. नंतर तिनंच घरोघर गूळ वाटला. स्वतः खाल्ला की नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आठव्या दिवशी दुपारी ती ऑफिसात आली. ओठ सुकलेले.

“मामा, काट्यावर उभी राहू?”

“कशाला गं?”

“राहू दे ना. तुमचे साहेब जेवायला गेलेत, बघितलं मी.”

तिनं चपला काढल्या. मग हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि माझ्या रजिस्टरावर ठेवल्या.

“वेडी की काय तू? काचेच्या बांगड्यांचं वजन ते काय असणार?”

“असतं ना.”

एक मण अठ्ठावीस शेर. दोन शेर उतरली होती.

“जेवतेस का नीट?”

“आई म्हणते तेवढं पानात घेते.” ती खाली उतरली. “मामा, तुमचा अंदाज कधी चुकत नाही ना?”

“नाही तसा.”

“म्हणजे मी दिसते त्याच्याहून जास्त आहे. मला वाटायचं, आरशात दिसतं तेवढंच असेल.”

आता सांगावं असं आलं होतं ओठांवर. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू मला पहिल्यापासून सत्तर शेरच दिसत होतीस? मी एका करंडीवरची चिठ्ठी उगाच सरळ केली.

“तसं काही नसतं गं,” मी म्हणालो.

“पुढच्या शनिवारी येईन,” ती म्हणाली.

बांगड्या ती तिथेच विसरली. मी त्या कागदात बांधून खणात ठेवल्या. पुढच्या शनिवारी ती आली, त्याच्या पुढच्याही आली. दर वेळी मनगटं आणखी बारीक, आणि मोकळी. आता काट्यावर चढण्याआधी चपलांखेरीज तिला काढून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या शेवटच्या शनिवारी मी खण उघडून बांगड्या तिच्यापुढे धरल्या.

“घाल गं. विमल काय म्हणेल?”

तिनं एक बांगडी हातात चढवली. हात खाली सोडला तशी ती घरंगळून काट्याच्या लोखंडी पाटावर पडली आणि फुटली. वनूनं वाकून तुकडे वेचले, पाट पदरानं पुसला आणि मग त्यावर उभी राहिली.

“सांगा,” ती म्हणाली. “अंदाजानं नको. काट्यावर बघून सांगा.”