बिब्याखालचा केशरी दगड

चौघं अजून खाली आली नव्हती, आणि सोजराबाईनं तव्यावरची भाकरी करपवली. तिच्या हातची भाकरी करपली असं शिरड शहापूरच्या बाजूला कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण करपली खरी. जळका वास नाकात शिरला तरी बाईचे डोळे डोंगरावरच होते.

डोंगर तसा काही फार उंच नाही. पण काळा आहे, पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, आणि श्रावणात त्याच्या एकेका पायरीवरून पाणी खाली उडी घेतं. लहान-मोठ्या मिळून अकरा धारा. सोजराबाईचा पोरगा रविंद्र दर रविवारी हिंगोलीच्या लोकांना त्या धारा दाखवायला नेतो. हा सगळा दगड एके काळी जमिनीच्या पोटातून उकळत वर आला, थरावर थर बसले, म्हणून या पायऱ्या झाल्या, असं तो त्यांना सांगतो. ते ऐकलं की सोजराबाई तोंडाला पदर लावते. "बरं झालं माय, आमी यायच्या आधी इझलं," म्हणते. लोक हसतात आणि एक भाकरी जास्त खातात.

आज तेरा जण वर गेले होते. तीनच्या सुमाराला रविंद्र नऊ जणांना घेऊन उतरला, त्यातली एक बाई त्याच्या पाठीवर. तिचा पाय मुरगळला होता.

"बाकीचे?" सोजराबाईनं विचारलं.

"येऊन राहिले की मागून," बाईच्या घोट्याला फडकं गुंडाळत रविंद्र म्हणाला. "प्रेमानंद सरांचं फोटो काढणं सरंना. दोघी नर्सबाई त्यांच्यासंगं थांबल्या. यास्मीन हाय त्यांच्यापाशी."

यास्मीन म्हणजे जमीलची लेक. जमील हिंगोलीत दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि रविवारी त्याच्याच टेम्पोतून ही मंडळी येतात-जातात. पोरगी कॉलेजात शिकते. डोंगर आज पहिल्यांदाच चढत होती. सगळ्यांच्या मागं राहायचं आणि कुणी सुटत नाही ना ते बघायचं, एवढं काम तिच्याकडं होतं.

बाईचा पाय सुजत चालला, म्हणून रविंद्र तिला घेऊन दवाखान्यात गेला. साडेतीन झाले. मग पावणेचार. खाली थेंब नव्हता, पण डोंगराच्या डोक्यावर ढग बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. वर कोसळत असणार. सकाळी पांढरीशुभ्र असलेली थोरली धार आता चहासारखी झाली होती. वर फोन लागत नाही हे ठाऊक असूनही जमील दर दोन मिनिटांनी लेकीला फोन लावत होता. एवढं करून उलट सोजराबाईलाच धीर द्यायला आला.

"भाभी, तुमी काहून घाबरता? वाट चुकायची बातच न्हाई. म्या दगड रंगवून ठेवलेत, बारा. दर फाट्यावर एक, केशरी रंगाचा. दगड दिसंल तिकडं चालायचं, बस. लहान लेकरू बी बराबर खाली येईल."

सोजराबाईचा हात पिठात थांबला. "कवा ठेवले?"

"तुमी गोरेगावला बहिणीकडं होतात तवा. वल्या खडकावर ऑइल पेंट धरत न्हाई. म्हणून घरीच रंगवून वाळवले अन् पोत्यात घालून नेले."

"बिब्याच्या झाडाखाली बी?"

"तिथं तर ठेवलाच की. तिथंच तर वाट फुटते."

सोजराबाईनं पुन्हा डोंगराकडं बघितलं.

बिब्याच्या झाडापासून उजवीकडची वाट खाली येते. डावीकडं पन्नास पावलांवर थोरल्या धारेचं डोकं आहे. सपाट, शेवाळलेला खडक, त्यावरून पाणी जातं आणि एकदम खाली पडतं. तिथं काठावर उंबराखाली साती आसरा आहेत. पाण्यातल्या या सात बहिणी, सात शेंदरी दगड. गेल्या वर्षीच्या पुरात त्यातला एक वाहून गेला. राहिल्या सहा. आणि सहा आसरा सातवीला शोधतात, पाण्यापाशी आलेल्या पोरीबाळींकडं बघत बसतात, हे सोजराबाईनं लहानपणापासून ऐकलेलं. रविंद्रचे रविवार सुरू झाले तशी तिची झोप उडाली. कुणाकुणाच्या लेकी येतात, पाण्यात पाय सोडतात, खिदळतात. पोराला सांगावं तर तो हसणार. म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही.

परवा अमावास्येला ती गोरेगावहून आली आणि तशीच नैवेद्य घेऊन वर गेली. वाडीमागच्या गुरांच्या वाटेनं गेली, त्यामुळं बाकीचे अकरा दगड तिला दिसलेच नाहीत. दिसला तो एकच, बिब्याखालचा. केशरी, गोल, हवा तेवढाच. सोजराबाईला वाटलं, सातवी आपल्या पायानं परत आली. तिनं तो उराशी धरून उंबराखाली नेला, सहाजणींच्या शेजारी बसवला, हळदी-कुंकू वाहिलं, पुढं हिरव्या बांगड्या ठेवल्या. "आता कुणाच्या लेकीवर नजर टाकू नका," म्हणून हात जोडले. दोन रात्री बाई गाढ झोपली. दगड उलटा करून बघितला असता तर वेळीच उमगलं असतं, पण देवाला कुणी उलटं करून बघतं का?

करायला गेली एक आणि झालं भलतंच. केशरी दिसंल तिकडं चालायचं, आणि बिब्यापाशी उभं राहिलं की केशरी आता डावीकडंच दिसत होतं, पाण्याकडं.

"मी बघून येते," सोजराबाई हात न धुताच उठली.

"म्या बी येतो," जमील म्हणाला.

सांगावं, की सांगू नये? चढावर पाय उचलत होते आणि डोक्यात तेवढं एकच चाललं होतं. चौघं आता वाटेत भेटतील, मग सांगायची गरजच काय? पहिल्या वळणावर भेटली नाहीत. दुसऱ्याला नाहीत. आता पाऊस लागला होता, आणि जमीलच्या दगडांवरून त्याचं पाणी ओघळत होतं. प्रत्येक दगडापाशी तो म्हणायचा, "बघा, जागेवर हाय." आणि दर वेळी सोजराबाईला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं व्हायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगणार कुणाला आणि कसं?

थोरल्या धारेच्या पायथ्याशी डोह आहे. वाट त्याच्या कडेनंच जाते. जमील पुढं होता. तो अचानक थांबला.

डोहात एक बूट गरगरत होता. पाण्याचा मार बसला की खाली जायचा, पुन्हा वर यायचा. गढूळ पाण्यात त्याचा रंग कळेना. बाईचा की बाप्याचा तेही कळेना. आजकाल सगळ्यांचे बूट सारखेच.

जमीलनं हाक मारली. धारेच्या आवाजात ती त्याची त्यालाच ऐकू आली नसेल. मग तो सोजराबाईकडं वळला. तोंडचं पाणी पळालेलं. "भाभी, सकाळी यास्मीनच्या पायात कुठले बूट होते? म्या बघितलंच न्हाई. तुमी बघितले का?"

सोजराबाईनंही बघितले नव्हते. जमील डोहात उतरायला निघाला, तसा तिनं त्याचा दंड धरला.

"तिथं न्हाई. वर चला. बिब्यापासून डावीकडं, आसरांपाशी."

"डावीकडं कशाला जातील? दगड उजवीकडं दावतो."

"दगड तिथं न्हाई, जमीलभाई. म्या उचलला. देव समजून उचलला अन् पाण्यापाशी नेऊन ठेवला."

जमीलनं शिवी दिली असती, हात उगारला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं काही केलं नाही. "चला," एवढंच म्हणाला.

सोजराबाईनं नेसण वर खोचली आणि मुख्य वाट सोडून गुरांच्या वाटेला लागली. उभा चढ, पण अर्धा वेळ वाचतो. पन्नाशी उलटलेली बाई त्या घसरड्या खडकावरून हातापायांनी चढत होती. आयांनो, माझं काय व्हायचं ते होऊ द्या, ती मनात म्हणत होती. न्यायचंच तर माझ्या रविंद्रचं नाव घेतलं तरी चालंल, असंही एकदा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. भीतीत माणूस काय कबूल करून बसेल, नेम नाही. मागून जमीलचा श्वास ऐकू येत होता, आणि वरून पाण्याचा आवाज, आधीपेक्षा मोठा.

वर ढगात काही दिसेना. मग उंबराचं खोड दिसलं. खोडाला पाठ लावून दोघी नर्सबाई बसलेल्या, एकीच्या अंगावर दुसरीची ओढणी. शेजारी प्रेमानंद सर थरथरत होते. एका पायात बूट, दुसरा उघडा, गुडघा फुटलेला.

आणि यास्मीन पाण्याच्या बाजूला तोंड करून सगळ्यांच्या पुढं बसली होती, कुणाला पलीकडं जाऊ द्यायचं नाही अशी. मांडीवर केशरी दगड.

जमील तिच्यापुढं खाली बसला. लेकीच्या पायातले बूट त्यानं दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"अब्बा, म्या ठीक हाय," यास्मीन म्हणाली. मग सोजराबाईला म्हणाली, "मावशी, सर पुढं होते. वाट पाण्यातून हाय म्हणून उतरले अन् घसरले. ओढणी टाकून वढलं आमी. मग म्या दगड उलटा करून बघितला. खाली नऊ लिवलंय, माझ्याच हातचं. नऊ म्हणजे बिब्याचं झाड, यादी मीच केली व्हती. अन् इथं तर उंबर हाय. म्हटलं, हा कुणीतरी हलवलाय. ढगात परत फिरायची बी हिंमत झाली न्हाई. कुणी येईपर्यंत बसायचं ठरवलं." तिनं बाजूला बोट दाखवलं. "तुमच्या बांगड्या तिथं ठेवल्यात. एक बी फुटली न्हाई."

बांगड्या खरंच नीट ठेवल्या होत्या, उंबराच्या पानावर. सोजराबाईला रडू फुटलं. "म्या हलवला, माय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "सहाच राहिल्या व्हत्या. सातवी न्हाई तर कुणाची तरी पोरगी नेतील, म्हणून. तुझ्यासारखीच कुणाची तरी."

प्रेमानंद सर तोंड उघडणार होते, पण नर्सबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप्प झाले.

जमील उठला. डोळे पुसून झाले होते. "भाभी, हा राहू द्या इथंच. तुमचा जीव शांत राहील. म्या पुढच्या रविवारी दुसरा रंगवून आणतो. निळा आणतो."

बोलणं मनापासूनचं होतं. सोजराबाईनं सहाजणींकडं बघितलं. पावसानं धुऊन त्या लखलखत होत्या, आणि त्यांच्या शेजारी सातवीची जागा रिकामी, ओली. लहानपणापासूनची भीती होती ती, अशी एका दिवसात थोडीच जाते. आजही ती जाग्यावरच होती. पाणी काठाला लागलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "यांना वाट ठाव हाय. पोरींना न्हाई."

तिनं यास्मीनच्या मांडीवरून दगड उचलला, पदराची चुंबळ केली आणि डोक्यावर घेतला. पुढं ती, मागं एकमेकांचे हात धरून पाचजण. बिब्याखाली आल्यावर तिनं दगड खाली ठेवला, आणि यास्मीन म्हणाली तसा उजव्या वाटेला सरकवला.

मग पदराचं टोक पिळून तिनं त्यावरचं हळदी-कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, म्हणून पुन्हा पुसलं, खालचा ऑइल पेंट उघडा पडेपर्यंत. पुढच्या अमावास्येला आणखी कुणी बाई नैवेद्य घेऊन वर आलीच, तर तिला तो देव वाटायला नको होता.