रामीबाईचा ढावलो

लग्न होऊन तांड्यातून निघताना लमाणांची पोर एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. उगाच ओढणीनं डोळे पुसून भागत नाही, तो आतून यावा लागतो, आणि त्यासाठी लग्नाआधी महिनाभर पोरीला शिकवणी असते. इंझोरीजवळच्या तांड्यात हे काम रामीबाईचं. चाळीस वर्षांत तिनं शे-दीडशे पोरी रडवल्या असतील. तिचा स्वतःचा ढावलो मात्र राहूनच गेला. लग्नात ती सात वर्षांची होती. निघायच्या वेळी बाई गाढ झोपलेल्या! तशीच उचलून बैलावर घातली. जाग आली तेव्हा हा सासरचा तांडा आला होता.

एकोणऐंशीच्या थंडीत एक सरकारी साहेब जीपनं आले. दूर वाळवंटात कलेचा मेळा भरणार होता, तिथं रामीबाईनं ढावलो म्हणावा असं त्यांचं म्हणणं. ते ऐकून तांड्याच्या प्रमुखाचं, हेमसिंग नाईकांचं, डोकंच फिरलं.

"नवरी नाही, वरात नाही, अन् ढावलो कायचा? ज्याच्या नावानं म्हनशीन ते घर सोडून जाते. हे काय मी तुले सांगू?"

"जाऊन जाऊन कोन जाईन, नाईक? घरात मी एकटीच आहो," रामीबाई म्हणाली.

साहेबांनी देऊ केलेला रेल्वेचा पास तिनं घेतला नाही. आजेपणजे मिठाच्या गोण्या बैलांवर लादून तिकडूनच आले, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. मग आपणही रस्त्यानंच जायचं. सोबतीला तांड्यातलीच कस्तुराबाई ठरली, कारण ढावलो हवेत म्हणता येत नाही, गळ्यात पडायला माणूस लागतं. पण कारंज्याच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली आणि कस्तुराबाई गाठोड्यावरून उठायलाच तयार होईना.

"मले नाही जमत, बाई. नाईक म्हन्ते ते खरं निंघालं तं? माह्या घरात नातू आहे."

"अवं, मंग मी कोनाच्या गळ्यात पडू?"

"पाह्य ना, तिथं भेटन कोनी."

रामीबाईचा असा तिळपापड झाला की तिनं खिडकीतून मागं वळूनही पाहिलं नाही.

अकोल्यापर्यंत राग पुरला. खांडव्यापर्यंत काळजी पुरली. इंदूर मागं पडल्यावर मात्र दोन्ही कुठं सांडून गेलं कोण जाणे. गाड्या बदलत होत्या, दिवस बदलत होते. काळी माती आधी तांबडी झाली, मग पिवळी, आणि झाडं बुटकी होत होत झुडपांवर आली. तिचा डोळा लागायचा, आणि आपण गाडीत नसून बैलाच्या पाठीवर आहोत असं वाटायचं. पुढे कुठंतरी घुंगरमाळा वाजायच्या. डोळे उघडले की खिडकीची काच खुळखुळत असायची. थांब्यावरच्या बायकांचं निम्मं बोलणं तिला समजायचं, आणि ते कसं समजतंय हेच समजायचं नाही. इथं आपण कधीतरी येऊन गेलोय, अगदी लहान असताना, असं तिला सारखं वाटत राहिलं.

एकच गोष्ट छळत होती. तोंडातल्या तोंडात तिनं कितीदा ढावलो धरून पाहिला, पण नुसते शब्द यायचे, कोरडे ठणठणीत. लोकांपुढे असंच झालं तर? चाळीस वर्षं पोरींना शिकवलं ते सगळं ढोंगच होतं, असं तिला स्वतःलाच वाटलं असतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, वाळूवर ऊन तांबूस झालेलं असताना तिला मंचावर उभं केलं.

"माईकसमोर म्हणा, बाई," साहेब म्हणाले.

"याले तं खांदाच नाही," रामीबाई पुटपुटली. माईकनं ते सगळ्या मेळ्याला ऐकवलं आणि लोक खो खो हसले. तिनं सुरुवात केली, थांबली, पुन्हा केली. काही येईना. मंचाच्या कडेला एक सजवलेला उंट रवंथ करत बसला होता. ती पायऱ्या उतरली आणि त्याच्या मालकाला तिनं विचारलं, "याले धरू का?" त्याला काय समजलं देव जाणे, त्यानं मान हलवली.

रामीबाईनं दोन्ही हातांनी उंटाच्या मानेला मिठी मारली. त्या मानेला बैलासारखाच वास होता, उन्हाचा आणि चाऱ्याचा. आणि मग जे आलं ते तिनं कुणालाच शिकवलं नव्हतं.

"याडी," तिनं आईला हाक मारली, "मला झोपेत का गं धाडलंस? उठवायचं होतंस. मी तुझ्या गळ्यात पडले असते."

लग्नानंतर वर्षाच्या आतच ती आई गेली होती, पुन्हा भेटच नव्हती. पंचावन्न वर्षांची बाई हुंदके देत गात होती आणि उंट हलला नाही. माईक वर राहिला होता, म्हणून मागचे लोक आवाज न करता पुढं येऊन बसले.

संपल्यावर साहेब हळूच जवळ आले. "बाई, हा कोणत्या नवरीचा?"

"एक सात वर्साची पोर आहे, सायेब," ती तोंड पुसत म्हणाली. "लय दिवसाची निजून राह्यली होती. आता जाईन सासरी."

दुसऱ्या दिवशी ती परतीच्या गाडीत बसली. इंझोरी येईपर्यंत पाच दिवस लागले, आणि दिवसाउजेडी तिनं एकदाही डोळा लागू दिला नाही.