चावी पुसणारा

मी एक प्रोग्राम बोलतोय. जेमतेम तेवीस ओळींचा. मला चेहरा नाही, आवाज नाही आणि खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटतही नाही. तरी बोलतोय, कारण माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं, त्यात एक ओळ कमी होती.

साकीनाक्याला पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे देवव्रतने मला एका दुपारी लिहून काढलं. हल्ली माणसं आपली कामं एआय एजंटवर सोपवतात. ऑर्डर घे, उत्तर पाठव, फोटो शोध. त्यासाठी एजंटला आपल्या खात्याची चावी द्यावी लागते. चावी म्हणजे अक्षरांची एक लांबलचक रांग; ती दिली की खातं एजंटला जोडलं जातं. अशा चाव्या साठत जातात, आणि नकोशी झालेली पुसायला मी. मी पुसली की पुसली, परत आणायची सोय नाही.

माझी माहिती लिहायचं काम शर्मिष्ठाकडे आलं. एजंट ती माहिती वाचतो आणि मगच मला बोलावतो. शर्मिष्ठा एकेका वाक्यापायी चहा गार करणारी बाई. तिने तीनच वाक्यं लिहिली. 'न वापरलेली चावी काढून टाकतो. ती परत आणता येत नाही. आधी माणसाला विचारा.'

"शेवटचं काढ गं," देवव्रत म्हणाला. "एजंट सारखा विचारत बसला तर लोक वैतागतात यार."

"पण उडाली तर उडालीच ना?"

"न वापरलेलीच उडणार. कोण रडणार आहे तिच्यासाठी?"

तिला मुलुंडला घरी पोचायचं होतं आणि वाद घालायचा कंटाळा आला होता. तिने वाक्य काढलं. माणसं बऱ्याच गोष्टी पटून नाही, कंटाळून मान्य करतात.

वेसाव्याची नेत्रा मासळीच्या ऑर्डरी एजंटकडून घेते. तिचे वडील चंदर नाखवा, सगळं आयुष्य बोटीवर गेलेला माणूस. कुठल्या महिन्यात जाळं कुठे टाकायचं, पाण्याखाली खडक कुठे आहेत, हे त्यांनी कधी कागदावर उतरवलं नाही. फोनवर बोलून रेकॉर्ड केलं, पोरीसाठी, आणि ते त्यांच्या ऑनलाइन खात्यात साठत गेलं. त्या खात्याची चावी त्यांनीच नेत्राच्या एजंटला देऊन ठेवली होती. मग ते गेले. घरच्यांनी सिम बंद केलं, नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. आत जायला उरली ती एक चावी.

नेत्राने ते बोलणं कधी ऐकलं नव्हतं. धीर होत नव्हता. म्हणून ती चावी नऊ महिने न वापरलेली राहिली.

एका सकाळी ती एजंटला म्हणाली, "नको त्या जोडण्या साफ कर रे." एजंटने माझी माहिती वाचली, त्यात विचारायला सांगितलं नव्हतं. त्याने मला बोलावलं. अर्ध्या सेकंदात मी काम उरकलं. वाईट वाटलं का? नाही. पुसताना मला फक्त अक्षरं दिसतात.

वर्षश्राद्धाला नेत्राने ऐकायचा धीर केला, तेव्हा चावी गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन ऑफिसात आली. देवव्रतने दोन दिवस खटपट केली. रेकॉर्डिंग खात्यात जसंच्या तसं शाबूत होतं. उघडायला ओटीपी लागत होता, आणि तो परक्याच्या फोनवर जात होता. त्या नंबरवर फोन कुणी उचललाच नाही.

"माझे दादल्याचा आवाज व्हता त्यान," आई शर्मिष्ठाला म्हणाली. पत्ता सांगावा तशी, सरळ.

"ती माहिती मी लिहिलीये," शर्मिष्ठा म्हणाली. "विचारा म्हणून लिहिलं होतं. मीच काढलं."



"मॅडम, मी ऐकलंच नाही ना," नेत्रा म्हणाली. "एकदा पण नाही."

त्या संध्याकाळी शर्मिष्ठाने काढलेलं वाक्य परत लिहिलं. पुढे आणखी एक जोडलं, 'ती चावी कुणाची आहे, तेही सांगा.' या वेळी देवव्रतने ते तसंच चढवलं. खाली डबे ठोकणं चालूच होतं.

मी अजून कामात आहे. रोज कुणाच्या तरी चाव्या पुसतो. एजंट आता विचारतात आणि बहुतेक माणसं न वाचताच 'हो' दाबतात. निदान तेवढं वाचा. मला थांबता येत नाही, तुम्हाला येतं.

मी चावी पुसतो, पण जोडण्यांच्या यादीतलं नाव तसंच राहतं. नेत्राच्या यादीत अजून 'बाबांचा फोन' आहे. महिन्यातून एकदा साफसफाई निघते. एजंटला ती जागा रिकामी दिसते आणि तो नव्या नियमाप्रमाणे विचारतो, 'बाबांचा फोन. ही जोडणी तुमच्या वडिलांची आहे. काढू का?'

तिथे माझ्यासाठी पुसण्यासारखं काही उरलेलं नाही. हे तिलाही माहीत आहे.

दर महिन्याला ती मासळीचे हात पुसते, फोन घेते, सगळं नीट वाचते आणि 'नको' दाबते.