आरशातला पॅसेज

सुहासिनीताईंचा गुडघा श्रावणात संपावर गेला आणि नौपाड्यातल्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीचा तिसरा मजला एकदम हिमालयात जाऊन बसला. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला यंदा मोबाइलवरूनच हात जोडायचे की काय, या विचाराने त्या रोज नव्याने संतापत.

लिफ्ट मंजूर झाली होती. जुन्या नकाशांवरून कंपनीने इमारतीचं कॉम्प्युटरवर मॉडेल केलं होतं आणि त्यात लिफ्ट पॅसेजमध्ये ऐसपैस उभी होती. ते मॉडेल खरं आहे का, हे लेझरने तपासायला ऋजुता नावाची इंजिनीअर आली.

सेक्रेटरी भाऊंनी दुसऱ्या मजल्यावर आपली भिंत पॅसेजमध्ये सरकवून देवघर केलंय, हे साऱ्या सोसायटीला ठाऊक होतं. बोललं कुणीच नव्हतं. देवघर ना! परवाच भाऊंनी त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत आरसा लावला होता. "बायकांना हळदीकुंकवाला बरा," म्हणाले.

सुहासिनीताई कठडा धरून, पायरीगणिक एकेक शिवी गिळत दुसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि खुर्ची मागवून बसल्या.

"काकू, स्कॅन होईपर्यंत आत बसाल जरा?"

"एक जिना उतरलेय. आता उठवायला क्रेन आण."

तिकाटण्यावरचं यंत्र गरगरलं. ऋजुताने टॅबवर पाहिलं. "जुळतंय की! नकाशाएवढाच पॅसेज आहे."

"असणारच," भाऊ म्हणाले. "विज्ञान आहे ते. माणसांसारखं जळत नाही."

ताईंनी टॅब ओढून घेतला. त्यात ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या त्या स्वतःच खुर्चीत बसलेल्या दिसल्या. आणि भाऊंच्या भिंतीपलीकडे आणखी एक बाई, तोच अंबाडा, तोच संताप.

"अगं, ही कोण भवानी यांच्या देवघरात बसलीय?"

ऋजुता लाल झाली. "तुम्हीच, काकू. लेझरला आरसा कळत नाही, पलीकडे जागा आहे असंच वाटतं त्याला. आरसा आधी झाकायचा असतो. चुकलेच मी."

"तू चुकलीस. यांनी मुद्दाम केलंय!"

ताईंनी भाऊंच्याच दाराचा पडदा ओढून काढला. आरसा झाकून पुन्हा स्कॅन झालं. आता टॅबवर अर्धी लिफ्ट देवघरात उभी होती.

भाऊंचा आवाज सात्त्विक झाला. "ताई, देव हलवायचे म्हणजे... वार्षिक सभेत विषय घेऊ."

"देव कुठेही राहतात हो! अडून बसतो तो मालक." ताईंचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला, दारं उघडली. "देवाच्या आडून जागा ढापलीत, आता आरशाच्या आडून माझे पाय ढापताय? लाज नाही वाटत?"

भाऊंना बँकेत जायचं आठवलं. त्यांनी चपला घातल्या. खुर्ची आणि कठड्यामधून वाटच नव्हती.

"ताई, जरा सरकता?"

"कुठे सरकू? जागा दाखवा! गवंडी बोलवा आधी. आणि तोवर चहा पाठवा, साखर कमी."

चहा आतून लगेच आला. गवंडी यायला संध्याकाळ झाली. ताई उठल्या नाहीत.