आधी अंबाडा

वच्छलाबाईंना संधिवात होऊन अकरा वर्षं झाली होती. बोटं वाकडी झाली होती आणि सकाळचे दोन तास मुठी उघडायच्याच नाहीत. डॉक्टरांनी त्यांना ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या उपचाराला पाठवलं. मुकुंदवाडीहून मुलगा बद्रीनाथ सोबत आला.

"घरात कुठलं काम अडतं?" थेरपिस्ट शैलानं विचारलं.

बद्रीनाथनं सांगून टाकलं, "भाकरी थापता येत नाय, मॅडम. आईच्या हातची भाकर लई दिवस झाले खाल्ली नाय. तेवढं जमवून द्या."

शैलानं तेच धरलं. बसून मळायचं, जोर बोटांवर न देता तळहातावर द्यायचा, मधे हात कोमट पाण्यात ठेवायचे. चौथ्या आठवड्यात दोन भाकरी धड उतरल्या. बद्रीनाथनं मोबाइलवर फोटो काढला. वच्छलाबाई फोटो न बघताच हात धुवायला उठल्या.

पुढच्या खेपेला तो गाडी लावायला गेला तेव्हा शैलानं विचारलं, "मावशी, भाकरी जमली. बरं नाही वाटलं?"

"चाळीस वर्षं थापल्या, बाई. आता सून थापती. मला माझा अंबाडा घालायचाय. सुनेला डबे, पोरांची शाळा. धा वाजता ती घालून देती, तोवर मी केस सोडून बसते. दारात कुणी आलं की आत पळते."

"हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

"इचारलं व्हतं की. उत्तर त्यानं दिलं."

शैलानं फणीला लांब, जाड मूठ बसवून दिली. कोपरं टेबलावर टेकवून मान खाली घालायला शिकवलं. केसांच्या आकड्यांऐवजी मोठा चाप दिला. पहिले कितीतरी दिवस केस निसटायचे आणि खांदे भरून यायचे. दीड महिन्यानं अंबाडा टिकला, एका बाजूला कललेला. सून नीट करायला पुढं झाली.

"ऱ्हाऊ दे," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी बद्रीनाथनं भाकरीचं विचारलं.

"न्हाई थापणार. हातात बळ थोडंच हाय. ते केसाला ठेवलंय."

तो दोन दिवस नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला.

दिवाळीनंतर वच्छलाबाई एकट्या एसटीनं कन्नडला बहिणीकडं, सरूबाईकडं राहायला गेल्या. सकाळी केसांचं कोण करणार, म्हणून पाच वर्षं त्यांनी तिथं मुक्काम टाळला होता. पहिल्या दोन्ही सकाळी त्यांचं त्यांनी केलं. तिसऱ्या दिवशी थंडीनं मनगटं सुजली, चापसुद्धा उघडेना. मग चुलीपाशी जाऊन म्हणाल्या, "सरू, आज तू घाल."

सरूबाई हात पुसून त्यांच्या मागं येऊन बसल्या.